दोन तासांत किल्ला बघायचा तर

'गाइडच्या दोन तासांच्या फेरीत नुसत्या राण्यांच्या गोष्टी कानावर पडतात, त्यापेक्षा एकट्याने फिरावं' हे वाचलं. अर्धं पटतं. तसल्या गोष्टी मीही पुष्कळ ऐकल्यात. (प्रत्येक किल्ल्यातून एक तरी भुयार थेट दूरच्या गावात निघतंच!) पण गाइड नसता तर जोधपूरच्या मेहरानगडावर लोहा पोल या दरवाज्यातून मी सरळ पुढे निघून गेलो असतो. त्याने थांबवलं आणि मागे वळून बघायला लावलं. दरवाज्याच्या अगदी तोंडाशी वाट झपकन वळते, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक मारायला अंतरच मिळत नाही. दारावरचे अणकुचीदार खिळेही त्याच्यासाठीच. बाजूच्या भिंतीवर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत. तिथे तो फार बोलला नाही, ते बरंच केलं.

रायगडाचा महादरवाजाही असाच, दोन बुरुजांच्या आड दडलेला. जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

त्यामुळे वेळ कमी असेल तर गाइडला सुरुवातीलाच सांगा, की आम्हाला दरवाजे आणि पाण्याची व्यवस्था दाखवा. गोवळकोंड्याला प्रवेशदाराच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर माथ्यावरच्या बाला हिसार या इमारतीपर्यंत ऐकू जाते. ती करामत दाखवायलाही माहीतगार माणूस लागतो. पालख्या, तलवारी, झुंबरं नंतर आपली आपण बघता येतात, तिथे पाट्या असतात.