‘आजची पोरं नाजूक’ म्हणणाऱ्यांसाठी

तापीकाठची आई
काल इथे एकांनी लिहिलं होतं: “आम्ही कोसभर पायी शाळेत जायचो, गुरुजींच्या छड्या खायचो, घरी येऊन गुरं राखायचो. काही बिघडलं नाही. आजची पोरं व्हॅनमधून जातात आणि आईबाप ताण ताण म्हणून गळा काढतात. पोरं नाजूक झालीत.” खाली अंगठ्यांची रांग.

भाऊ, तुम्ही गुरं राखायला जायचात तेव्हा पाठीमागे कुणाचा पहारा नव्हता. डोहात डुंबायचात, चिंचा-बोरं पाडायचात. माझा मुलगा दुसरीत आहे. सकाळी सातची शाळा, दुपारी जेवण झालं की ट्यूशन, संध्याकाळी अबॅकस, रविवारी स्पर्धा परीक्षेचा क्लास. दुसरीतल्या पोराला स्पर्धा परीक्षा! मोकळा वेळ म्हणून त्याच्याकडे उरतो तो व्हॅनमधला.

२०२०च्या दप्तर धोरणात लिहिलंय की दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नका आणि दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. किराणा दुकानातल्या काट्यावर मी त्याचं दप्तर ठेवून पाहिलं. त्या हिशेबाच्या दुपटीहून जास्त भरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सांगितलं, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. आमच्या शाळेने व्हॅनच्या फेऱ्यांचं कारण पुढे केलं आणि विषय संपवला.

आणि एप्रिलचं काय बोलायचं? २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. भुसावळचा एप्रिल पुण्यात बसून कसा कळणार? आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरं मामाच्या गावी असायची. निंबाला झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. आता त्याच आठवड्यात ‘व्हेकेशन बॅच’ सुरू होते. पोरं नाजूक नाहीत. त्यांना श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही.

चाळीसगावकर
ती पोस्ट माझीच. ताई, सातची शाळा कुणी निवडली? अबॅकसची फी कुणी भरली? तुमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा नाही का? तिथे फी नाही, टाय नाही. पण तिथे पोराला घालायची लाज वाटते. माझा बाप मार्केट यार्डात हमाली करायचा. गुरुजींनी हातावर वळ उठवले म्हणून पाढे पाठ झाले, म्हणून रेल्वेत लागलो. ज्यांना ताण नको त्यांनी आधी स्वतःची हौस आवरावी.

तापीकाठची आई
हौस? पालकसभेत बाई सगळ्यांदेखत विचारतात, “घरी अभ्यास कोण घेतं?” आम्ही दोघंही कामावर. वर्गातली सगळी मुलं ट्यूशनला जातात म्हणून वर्गात शिकवणं निम्म्यावर आलंय. एकट्याने बाहेर पडलं तर पोर मागे राहतं. ही भीती तुमच्या काळात नव्हती, एवढं तरी मान्य करा.

सातपुड्यातला मास्तर
दोघांचं वाचलं. राग येतोय. मी अक्कलकुवा-धडगाव भागात शिकवतो. दिवाळी झाली की वर्ग रिकामा व्हायला लागतो. आईबाप गुजरातेत ऊसतोडीला जातात, पोरं सोबत जातात, होळीला परत येतात. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार झाला की मी पाड्या-पाड्यांवर फिरून मुलं गोळा करतो. तुमच्याकडे शिक्षण जास्त झालंय, आमच्याकडे ते पोचतच नाही. ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, शाळकरी मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणारा ‘असर’चा अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतोय. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं आणि आमचे हात बांधले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी-आठवीची परीक्षा परत आणली तेव्हा मला आनंद झाला. थोडा दाब हवाच.

कळण्याची भाकर
मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. चार-पाच महिने उसाच्या फडात असलेल्या पोराला नापास करून काय मिळणार? ते पुढच्या वर्षी कोयता घेईल. माझा धाकटा भाऊ जुन्या पद्धतीत सातवीत नापास झाला. दुसऱ्या दिवशी आबांनी त्याला गॅरेजला लावलं. आज चाळिशीत आहे, अजून सही करताना हात थरथरतो.

सातपुड्यातला मास्तर
लगेच नापास करत नाहीत. आधी जादा शिकवणी, मग दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा. नियम वाचून बोला. तुमच्या भावाचं वाईट वाटलं, पण त्याला मागे बसवून शिकवणारं कुणी नव्हतं, दोष तिथे आहे.

धुळ्याचा भो
तुम्ही सगळे दप्तर आणि परीक्षा धरून बसलात. खरा ताण कुणी बोलतच नाही. घरात अहिराणी, गल्लीत अहिराणी, आणि बालवाडीत पाय ठेवला की इंग्रजी. माझी भाची साडेतीन वर्षांची. आजी विचारते, “काय करी राहिनी व बेटा?” तर तिची आई आजीलाच गप्प करते. मॅडमनी सांगितलंय, घरी गावठी बोलू नका. पोरगी आता आजीसमोर बोलतच नाही, चुकेल म्हणून घाबरते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावात उभं आहे. त्यांच्या कविता पोरांकडून पाठ करून घेतात आणि तसंच बोलणाऱ्या पोराला वर्गात हसतात!

केळीचा बाग, रावेर
भो, बहिणाबाईंची बोली अहिराणी नव्हती. त्या आसोद्याच्या. ती आमची लेवा बोली. खान्देश म्हटलं की सगळं अहिराणीच्या खात्यात टाकायची ही सवय आता बंद करा. यावल, रावेर, भुसावळ तुमच्या नकाशावर आहे की नाही?

धुळ्याचा भो
मी ‘तसंच’ म्हटलं ते खान्देशी बोलीला. पोराची जीभ कापली जातेय आणि तुम्हाला सातबाऱ्यावर नाव लावायचंय?

केळीचा बाग, रावेर
हो, लावायचंय! आमच्या पोरांनाही वर्गात हसतात आणि वर तुम्ही बोलीचं नावही घेऊ देत नाही. दुहेरी मार. अहिराणीची संमेलनं होतात, आमच्या वाट्याला काय?

पाड्यावरची ताई
भांडा. आमच्या पावरी-भिलोरी या आदिवासी बोलींचं नाव दोघांनीही घेतलं नाही. आमच्या पोराला पहिलीत मराठीच परकी असते. २०२०चं शिक्षण धोरण म्हणतं, किमान पाचवीपर्यंत जमेल तिथे मातृभाषेत शिकवा. आश्रमशाळेत पावरी बोलणारे शिक्षक किती, ते मास्तरांना विचारा.

सातपुड्यातला मास्तर
आमच्या शाळेत एकही नाही. मी स्वतः मुलांकडून शिकलो, त्याला दोन वर्षं गेली. ताईंचं म्हणणं खरं आहे. वाचता न येण्याचं निम्मं कारण तेच असावं.

कापूसवाला बाप
पारोळ्याकडचा आहे. पाच एकर कोरडवाहू. बोंडअळी आली की वर्ष गेलं. मुलगी अकरावीत, नीटच्या क्लाससाठी तिला लातूरला ठेवलीय. मला माहीत आहे, ती रात्री रडते. २०२४ला चोवीस लाखांवर मुलं होती आणि एमबीबीएसच्या जागा सरकारी-खासगी मिळून सव्वा लाखाच्या आत. तरी पाठवली. शेतात ठेवू? बोली वाचवू? ज्याच्या घरात पगार येतो त्याने मोकळं बालपण द्यावं. आमच्याकडे एकच दार उघडं आहे.

तापीकाठची आई
दादा, तुमच्या मुलीबद्दल मी बोट उचलणार नाही. पण तेच दार दाखवून आता सहावीपासून ‘फाउंडेशन’ विकतात. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं, सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका. आमच्या रस्त्यावर त्याच क्लासचे फलक आहेत. तुमची गरज आमच्या दुसरीतल्या पोरांच्या गळ्यात बांधली जातेय.

कापूसवाला बाप
दुसरीला क्लास नको. एवढं मलाही कळतं. मुलगी रात्री फोन करते तेव्हा काय बोलावं, ते मात्र कुणी सांगत नाही.

कळण्याची भाकर
मार्क विचारू नका दादा. जेवली का, विचारा. आणि नाही जमलं तरी घर तिचंच आहे, हे निकालाआधी एकदा तोंडाने म्हणा.

तापीकाठची आई
शनिवारी पालकसभा आहे. नऊच्या शाळेचा शासन निर्णय छापून नेतेय आणि दप्तरांसाठी काटाही. आमच्या शाळेतले कुणी इथे असतील तर सहीला या.

चाळीसगावकर
माझा नातू त्याच शाळेत आहे. सही करीन. सातच्या शाळेसाठी त्याला झोपेत बूट घालतात, ते मलाही बघवत नाही. छडीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे, त्यावर पुन्हा वाद घालायला तयार आहे.