मदत हवी आहे: लाईट आली की विहिरीवरचा पंप आपोआप सुरू होतोय

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळच्या आमच्या घरी आई-बाबा दोघेच असतात, मी पुण्यात. नारळ-सुपारीची वाडी आहे. पावसाळा सरला की ती विहिरीच्या पाण्यावरच जगते. बाबांना आता विहिरीपर्यंत सारखी चढउतार झेपत नाही, म्हणून दीड एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक पंप मोबाईलवरून चालू-बंद होईल अशी सोय करून घेतली. बसवणाऱ्याने जुना हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर काढला आणि 16 अँपिअरचा वाय-फाय स्विच थेट मोटरच्या लाईनवर टाकला.

थंडीत सगळं सुरळीत होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा मोबाईलवर 'बंद' दिसत असताना पंप चालूच राहिला. स्विच उघडला तर आतल्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचे) कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटलेले, बाजूचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. यामागचं कारण आता कळलंय. तो 16 चा आकडा गीझर-हीटरसारख्या लोडसाठी असतो, मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचते. त्यात आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मग ती अजूनच जास्त घेते.

नवा स्विच बसवला, पण खरी भीती पुढचीच. लाईट गेलेली म्हणून बाबा फूटव्हॉल्व्ह (पाईपच्या तळाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) बघायला पंपापाशी गेले, आणि ते तिथे असतानाच लाईट येऊन मोटर सुरू झाली. हात लांब होता म्हणून निभावलं. अ‍ॅपमध्ये 'लाईट आल्यावर बंद राहा' असं सेटिंग आहे, ते केलंय. पण स्विच रीसेट झाला की तेही जाणार. बाबांचा जीव अ‍ॅपमधल्या एका खुणेवर ठेवायला मन धजत नाही.

लाईट आली तरी पंप कुणी सुरू केल्याशिवाय सुरू होऊ नये, इंटरनेट बंद असताना आईलाही तो हाताने चालवता यावा, आणि मे महिन्यात विहीर तळाला गेली की कोरडा चालून सील जळू नये, असं काय करता येईल? शिवाय पंपाजवळच्या पेटीतले स्क्रू खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडलेत, त्यावरही उपाय सांगा.

प्रतिसाद (मालवण):

तुमचा काढून ठेवलेला स्टार्टर हेच उत्तर आहे, तो परत बसवा. लाईट गेली की त्याची कॉइल (आतला स्विच धरून ठेवणारं विजेचं चुंबक) सुटते आणि हिरवं बटण दाबेपर्यंत पुन्हा धरत नाही. ही सुरक्षा यंत्रातच आहे, अ‍ॅपवर अवलंबून नाही. मोटरचा करंटही स्टार्टरच पेलेल. त्याचा ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावून घ्या.

स्मार्ट उपकरणाने फक्त बटणाचं काम करायचं. दोन चॅनेलचा ड्राय कॉन्टॅक्ट रिले (स्वतः वीज न देता फक्त दोन वायर जोडणारा-तोडणारा) घ्या. पहिला चॅनेल हिरव्या बटणाला समांतर जोडून पल्स मोडवर (क्षणभर जोडून आपोआप सुटणारा), एक सेकंद. दुसऱ्याचा 'नॉर्मली क्लोज्ड' (एरवी जोडलेला) कॉन्टॅक्ट लाल बटणाच्या मालिकेत. रिले मेला तरी हा कॉन्टॅक्ट जोडलेलाच राहतो, त्यामुळे काकूंना दोन्ही बटणं वापरता येतील. विहिरीतला फ्लोट स्विचही (पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच) त्याच मालिकेत टाका. पाणी खाली गेलं की पंप बंद, आणि वर आलं तरी आपोआप सुरू नाही.

पेटी आयपी65 ची (धूळ-पाण्यापासून बंदिस्त) घ्या आणि वायर खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत घ्या. फटी बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं अ‍ॅसिड तांबं अजून लवकर खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मिळतं, ते आणा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. स्टार्टर पडवीत तसाच पडून आहे. कॉइलवर 240 व्होल्ट छापलंय, चालेल ना? पेटी मात्र विहिरीजवळच ठेवावी लागेल, आणि मधल्या जांभ्याच्या भिंतींमुळे तिथे वाय-फाय जेमतेम पोचतं.

प्रतिसाद (मालवण):

240 चीच हवी, 415 ची सिंगल फेजवर धरणार नाही. पेटी विहिरीजवळ नकोच. स्टार्टर आणि रिले मागच्या पडवीत बसवा, तिथून पंपापर्यंत पुरेशा जाडीची केबल न्या. वाय-फायचा आणि खाऱ्या हवेचा त्रास एकदमच कमी होईल, बाबांची चढउतारही वाचेल. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तपासायला सांगा. तो जायच्या आधी पंप चालू असताना मेन स्विच पाडून पुन्हा चढवायला लावा. पंप सुरू झाला, तर जोडणी चुकली आहे. त्याला तसाच जाऊ देऊ नका.