सिडनी ल्यूमेट यांचे दिग्दर्शन ओळखायचे कसे?

प्रश्न — पाऊलखूण

नमस्कार. अमेरिकी दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) हा चित्रपट मी नुकताच तिसऱ्यांदा पाहिला. न्यायालयाच्या एका खोलीत बारा ज्युरर (खटल्याचा निकाल ठरवणारे सामान्य नागरिक) दीड तास वाद घालतात आणि मला जागचे हलवत नाही, एवढे निश्चित. पण हे कशामुळे घडते, हे मला अजून नेमके सांगता येत नाही. ऑर्सन वेल्स यांच्या चित्रपटात दिग्दर्शकाचा हात पहिल्या काही मिनिटांतच जाणवतो. ल्यूमेट मात्र कथेच्या आणि नटांच्या मागे उभे राहतात. अशा दिग्दर्शकाचा अभ्यास कोठून सुरू करावा, आणि नटांचे काम त्यातून वेगळे काढून पाहावे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर — तिपाई

चौथ्यांदा पाहाल तेव्हा आवाज पूर्ण बंद ठेवा आणि कॅमेरा कोणत्या उंचीवर आहे, एवढ्याकडेच लक्ष द्या. ल्यूमेट यांनी स्वतः नोंदवले आहे की पहिला एक तृतीयांश भाग त्यांनी डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला त्याच पातळीवरून आणि शेवटचा खालून चित्रित केला. त्यामुळे अखेरीस खोलीचे छतसुद्धा चौकटीत येते. जोडीला ते लेन्सची फोकल लेंग्थ क्रमाने वाढवत गेले, म्हणजे दृश्य अधिकाधिक जवळ आणणाऱ्या लेन्स वापरत गेले. अशी लेन्स माणूस आणि त्याच्यामागची भिंत यांमधले अंतर कमी भासवते. म्हणून खोली तीच असूनही भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. न्यायालयाबाहेरच्या शेवटच्या दृश्यासाठी त्यांनी वाइड (विस्तृत परिसर दाखवणारी) लेन्स वापरली, आणि पाऊस पडून गेलेल्या त्या पायऱ्यांवर प्रेक्षकालाही मोकळा श्वास घेता येतो.

छायालेखक बोरिस कॉफमन होते, ज्यांना 'ऑन द वॉटरफ्रंट'साठी ऑस्कर मिळाले होते. असा अनुभवी माणूस सोबत असताना, पहिलाच चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाने दिखाऊ शॉटचा मोह टाळला, याचे मला फार मोल वाटते. आपल्याला दिग्दर्शक दिसला नाही, याचे कारण त्याने केलेला प्रत्येक बदल इतका हळूहळू होतो की तो डोळ्यांच्या आधी छातीवर जाणवतो.

उत्तर — तालीमघर

वरील मुद्दा मान्य आहे, पण माझ्या मते सुरुवात नटांपासूनच करावी. ल्यूमेट लहानपणी यिडिश (पूर्व युरोपीय ज्यूंची भाषा) रंगभूमीवर काम करत असत आणि पुढे त्यांनी थेट प्रक्षेपित होणारी दूरचित्रवाणी नाटके दिग्दर्शित केली. चित्रीकरणापूर्वी दोन आठवडे तालीम घेण्याचा आग्रह त्यातून आला असावा. या चित्रपटात ती तालीम अपरिहार्यच होती. प्रकाशयोजना पुन्हा पुन्हा बदलण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून एका दिशेने दिसणारे चित्रपटभरचे शॉट एकदम घेऊन मग दुसऱ्या दिशेकडे वळत असत. परिणामी, समोरासमोर भांडणाऱ्या दोघांपैकी एकाचे वाक्य आज आणि दुसऱ्याचे उत्तर अनेक दिवसांनी, अशी स्थिती होती. रागाची पट्टी कोठे होती, हे दिग्दर्शकाने आणि नटाने तालमीत पक्के केले नसते, तर संकलकाच्या हाती केवळ तुकडे उरले असते.

आता बोलणाऱ्याकडे न पाहता ऐकणाऱ्यांकडे पाहा. ई. जी. मार्शल यांचा चौथा ज्युरर 'मला घाम येत नाही' असे शांतपणे सांगतो. पुढे, पाहिलेल्या चित्रपटाचे नाव आठवता आठवता तो अडखळतो, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम दिसतो. ली जे. कॉब सुरुवातीला पाकिटातला मुलाचा फोटो अभिमानाने दाखवतात आणि अखेरीस तोच फोटो फाडतात. इथे नटाचे काम कोठे संपते आणि दिग्दर्शकाचे कोठे सुरू होते, हे मला वेगळे करता आलेले नाही. म्हणून ते वेगळे काढू नये, असे मला वाटते.

उत्तर — दुसरी रीळ

एकाच चित्रपटावर थांबू नका, एवढी विनंती. बँक दरोड्यावरच्या 'डॉग डे आफ्टरनून' (१९७५) मध्ये ल्यूमेट यांनी तालमीत नटांना उत्स्फूर्त बोलू दिले आणि त्यातले कामाचे संवाद पटकथेत घेतले. अल पचिनो यांच्या दोन दीर्घ दूरध्वनी संभाषणांसाठी त्यांना सलगता हवी होती. पण कॅमेऱ्यात एका वेळी साधारण अकरा मिनिटांचीच फिल्म मावत असे, म्हणून त्यांनी दुसरा कॅमेरा शेजारी सज्ज ठेवला. पहिला टेक संपताच, पचिनो थकलेले असताना, त्यांनी लगेच पुन्हा चित्रीकरण करायला सांगितले. त्या थकव्याची पात्राला गरज होती.

याच चित्रपटातले जॉन कझाल आवर्जून पाहा. पळून कोणत्या देशात जायचे असे विचारल्यावर त्यांचे दरोडेखोर पात्र 'वायोमिंग' म्हणते, जे खरे तर अमेरिकेतलेच एक राज्य आहे. हे उत्तर कझाल यांना ऐन वेळी सुचले होते. त्यातला भाबडेपणा इतका खरा आहे की त्या माणसाची पुढची गत पाहताना मन विदीर्ण होते. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी फक्त पाच पूर्ण लांबीचे चित्रपट केले आणि पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित झाले.

पाऊलखूण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आवाज बंद करून शेवटची वीस मिनिटे पाहिली. छत खरोखरच चौकटीत उतरलेले दिसले, आणि आधीच्या तीनही वेळा ते माझ्या लक्षात आले नव्हते. आता बासू चॅटर्जी यांचा 'एक रुका हुआ फैसला' हा याच कथेवरचा हिंदी चित्रपट शेजारी ठेवून, कॉब आणि पंकज कपूर यांनी तोच राग कोठून उचलला आहे, हे दृश्यागणिक टिपून ठेवणार आहे.