समीकरण संतुलित करताना रेणुसूत्रातला अंक बदलला तर काय बिघडते?

रात्रवर्ग यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका रात्रशाळेत दहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. माझे बहुतेक विद्यार्थी दिवसभर दुकानात, गॅरेजमध्ये किंवा घरकामावर असतात, त्यामुळे तोंडी हिशेबात ते चोख आहेत. तरीही रासायनिक समीकरणे संतुलित करण्याचा, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे करण्याचा धडा आला की वर्ग अडखळतो. काल फळ्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी तयार होण्याचे समीकरण लिहिले. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे एकच, हे सर्वांच्या लक्षात आले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो, तर पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहिले की झाले. त्यासाठी पुढे-मागे एवढे आकडे कशाला वाढवायचे?” मी “सूत्र बदलायचे नसते” असे उत्तर दिले, पण हा केवळ नियम झाला, त्याचे कारण मी देऊ शकले नाही याची रुखरुख लागून राहिली आहे. हे कारण सुरुवातीच्या विद्यार्थ्याला पटेल असे कसे सांगावे? आणि संतुलन करताना सुरुवात कोणत्या मूलद्रव्यापासून करावी, याला काही आधार आहे की तो निव्वळ सरावाचा भाग आहे?

खडूफळा यांचे उत्तर

बाई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अतिशय योग्य आहे. तिने सुचवलेला बदल केला तर दोन्ही बाजूंचे अणू खरोखरच जुळतात. हायड्रोजनचा एक रेणू, ऑक्सिजनचा एक रेणू आणि उजवीकडे एच२ओ२: मोजणीत काहीही चूक नाही. फक्त उजवीकडचा पदार्थ आता पाणी राहिलेला नाही, तो हायड्रोजन पेरॉक्साइड झाला आहे. जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीत त्याचेच सौम्य द्रावण असते आणि जखमेवर टाकताच ते फसफसते, हे वर्गातल्या कोणीतरी नक्की पाहिलेले असेल. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो आणि पेरॉक्साइडमध्ये १६ ग्रॅम. ही प्रमाणे त्या त्या पदार्थाची ओळख आहेत आणि ती तराजूने ठरली आहेत, आपल्या सोयीने नाहीत.

पादांक आणि सहगुणक यांतला फरक मी असा सांगतो: पादांक हा पदार्थ कोणता आहे ते सांगतो आणि सहगुणक त्याचे किती रेणू घेतले ते सांगतो. वाण्याकडे यादी नेताना आपण नगांची संख्या वाढवू शकतो, पण साबणाच्या वडीत काय असावे हे आपण यादीत लिहून ठरवत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवावा. आधी अभिक्रियाकारक आणि उत्पादिते शब्दांत लिहायची, मग संयुजा (एक अणू किती बंध जोडतो ती संख्या) पाहून प्रत्येकाचे रेणुसूत्र बरोबर लिहायचे, ते पुन्हा एकदा तपासायचे आणि त्यानंतरच सहगुणकांना हात लावायचा. संतुलनात अडकलेल्या मुलांच्या वह्या मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत आणि माझ्या अनुभवानुसार निम्म्याहून अधिक वेळा चूक सूत्रातच असते.

हे सूत्र तरी कोणी ठरवले, असा पुढचा प्रश्न येईल, आणि तो यावाच. जॉन डाल्टन यांनी पाण्यात दोन्ही मूलद्रव्यांचा एकेकच अणू असतो असे मानले होते. पाण्याच्या विघटनात हायड्रोजनचे आकारमान ऑक्सिजनच्या दुप्पट भरते, आणि १८११ मध्ये अवोगाद्रो यांनी समान तापमान व दाब असताना समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते हे गृहीतक मांडले. तरीसुद्धा पाण्याच्या सूत्रावर सर्वांचे एकमत व्हायला १८६० च्या रसायनशास्त्रज्ञांच्या कार्ल्सरूह परिषदेनंतरचा काळ उजाडावा लागला. एवढ्या खटपटीने हाती आलेला तो पायाशी लिहिलेला २ आहे, हे कळल्यावर विद्यार्थी तो सहज खोडत नाहीत.

वर्गात करण्याजोगी एक गोष्ट सुचवतो. भिजवलेले हरभरे म्हणजे हायड्रोजन, भिजवलेले वाटाणे म्हणजे ऑक्सिजन, आणि जोडायला दात कोरायच्या काड्या. हरभऱ्यांची एक जोडी आणि वाटाण्यांची एक जोडी देऊन त्यांतून पाणी करायला सांगा. एक वाटाणा उरेल. तो टाकून द्यायचा नाही आणि पाण्याच्या रेणूला चिकटवायचाही नाही, हवी तर हरभऱ्यांची आणखी एक जोडी मागून घ्यायची, एवढीच अट ठेवा. दुसरी जोडी मागितली गेली की सहगुणक समजलाच.

कोयनाकाठ यांचे उत्तर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला निश्चित आधार आहे. जे मूलद्रव्य प्रत्येक बाजूला एकेकाच संयुगात असते, ते आधी घ्यावे, आणि जे कुठेतरी सुटे, म्हणजे मूलद्रव्याच्याच रूपात असते, ते सर्वांत शेवटी घ्यावे. कारण सुट्या मूलद्रव्याचा सहगुणक बदलला तरी दुसऱ्या कशाचीही जुळणी विस्कटत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ब्युटेनचे ज्वलन घ्या. त्याच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. कार्बनसाठी ४ कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजनसाठी ५ पाणी. आता उजवीकडे ऑक्सिजनचे ८ अधिक ५ असे १३ अणू झाले, म्हणजे ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लागतील. इथे विद्यार्थी गोंधळतात, परंतु घाबरण्याचे कारण नाही, सर्व सहगुणक दुप्पट करावेत:

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

तुमचे विद्यार्थी हिशेबात चोख असल्यामुळे याच्या पुढचे पाऊलही त्यांना आवडेल असे वाटते. वस्तुमानात हेच समीकरण सांगते की ५८ ग्रॅम ब्युटेनला २०८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि त्यातून १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ९० ग्रॅम पाणी तयार होते. दोन्हीकडे बेरीज २६६. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असला तरी सोयीसाठी सगळा ब्युटेनच धरला, तर तो संपेपर्यंत स्वयंपाकघरातल्या हवेतून सुमारे ५१ किलो ऑक्सिजन खर्च होतो आणि सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाण्याची वाफ बाहेर पडते. सिलिंडर रिकामा झाला म्हणजे गॅस नाहीसा झाला, असे आपण म्हणतो, पण त्याचा एकही अणू नाहीसा झालेला नसतो.

तांबट यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. त्यांत एका मर्यादेची भर घालणे मला आवश्यक वाटते. समीकरण संतुलित आहे म्हणजे ती अभिक्रिया घडते, असे नाही. तांबे आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून कॉपर क्लोराइड आणि हायड्रोजन तयार होतो, असे समीकरण कागदावर अगदी नीट संतुलित होते, पण परीक्षानळीत तांब्याचा तुकडा तसाच पडून राहतो. ब्युटेनला हवा अपुरी मिळाली, तर त्याच दोन पदार्थांपासून विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो आणि त्याचेही संतुलित समीकरण लिहिता येते. काय तयार होते हे प्रयोगातूनच कळते, संतुलन त्यानंतरचे काम आहे.

दहावीच्या अभ्यासक्रमात तांबे आणि नायट्रिक आम्लाची अभिक्रिया आहे, आणि तिथे नायट्रेटचा (नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू) संपूर्ण गट एकदम मोजण्याची युक्ती फसते, कारण आम्लातले काही नायट्रेट तसेच राहतात आणि काहींचे वायूत रूपांतर होते. सौम्य आम्लात तांब्याचा प्रत्येक अणू २ इलेक्ट्रॉन देतो आणि नायट्रिक ऑक्साइड होताना नायट्रोजनचा प्रत्येक अणू ३ घेतो. देणे-घेणे जुळण्यासाठी तांब्याचे ३ अणू आणि नायट्रिक ऑक्साइडचे २ रेणू हवेत. तांब्याच्या ३ अणूंना ६ नायट्रेट, अधिक वायूत गेलेले २, म्हणून आम्लाचे ८ रेणू, आणि त्यांतल्या ८ हायड्रोजनपासून पाण्याचे ४ रेणू. शेवटी पडताळ्यासाठी ऑक्सिजन मोजावा, दोन्हीकडे २४ भरतो. तीव्र आम्लात नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, तेव्हा नायट्रोजन एकच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून तांब्याच्या एका अणूमागे आम्लाचे ४ रेणू पुरतात. तो तांबूस वायू विषारी आहे. वर्गात हा प्रयोग करू नये, फळ्यावरच करावा.

रात्रवर्ग

आपणा तिघांचीही मनापासून आभारी आहे. काल हरभरे आणि वाटाणे घेऊन वर्गात गेले होते. त्याच विद्यार्थिनीने उरलेला वाटाणा हातात धरून बराच वेळ विचार केला आणि मग हरभऱ्यांची दुसरी जोडी मागितली. नंतर तिने उलट दिशेने पेरॉक्साइडचे विघटन स्वतःच करून पाहिले: पेरॉक्साइडच्या दोन रेणूंपासून पाण्याचे दोन रेणू झाले आणि वाटाण्यांची एक जोडी सुटी राहिली. “जखमेवर फसफसते ते हेच का?” असे तिने विचारले. मी हो म्हणाले. उद्या ब्युटेनचा हिशेब घेणार आहे.