अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर बदललाय, जुनं सेटिंग नव्यात कसं उतरवायचं?

मंडळी, मदत हवी आहे.

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे. नदीवरून येणाऱ्या रॉ वॉटरच्या ३०० एनबी (पाइपचा नॉमिनल आकार, मिमीमध्ये) लाइनवर जुना क्लॅम्प-ऑन (पाइपला बाहेरून बसणारा) मीटर होता, तो काढून त्याच कंपनीचं नवं मॉडेल आलंय. जुन्या सेटिंगची फाइल नवं सॉफ्टवेअर उघडतच नाही, त्यामुळे प्रिंटआउट बघून एकेक आकडा हातानं भरतोय. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत हे मार्गी लागायला हवं.

जुन्यात पाइपचा घेर भरायचा होता, १०१७.६ मिमी. नवा बाहेरचा व्यास मागतो, तो ३२३.९ भरला. जुन्याचा ४-२० एमए स्पॅन (करंट सिग्नलची रेंज) ०-६०० घनमीटर प्रति तास होता; नवा लिटर प्रति सेकंद धरून चालतो, म्हणून २० एमएला १६६.६७ दिलं. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते पुढं. जुना झिरो ऑफसेट (पाणी थांबलेलं असताना दिसणारा फरक काढणारा आकडा) आणि १.०४ चा स्केल फॅक्टर (ज्यानं रीडिंगला गुणतात) जसाच्या तसा टाकायचा का? नवे सेन्सर जुन्या खुणांवर बसवले तर चालतील का? आणि मीटरच्या डिस्प्लेवर फ्लो व्यवस्थित दिसतो, पण मॉडबसवरून (मीटरची डेटा लाइन) स्काडात (कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर) कधी शून्य, कधी भलताच आकडा. बॉड रेट, पॅरिटी, स्लेव्ह आयडी तपासून झालंय.

प्रतिसाद १

भावा, झिरो आणि फॅक्टर अजिबात उचलू नका. ते जुन्या सेन्सरचे आहेत, पाइपचे नाहीत. फॅक्टर १ ठेवा, लाइन पूर्ण भरलेली असताना व्हॉल्व्ह बंद करून पाणी थांबवा आणि झिरो नव्यानं घ्या. व्हॉल्व्ह पासिंग असेल, म्हणजे बंद करूनही पाणी सोडत असेल, तर तो झिरो खोटाच येणार, ते आधी बघा. सेन्सरमधलं अंतरही नवा मीटर सांगेल तेच.

प्रिंटआउटमधली वॉल थिकनेस बहुतेक कॅटलॉगची असते. थिकनेस गेज लावून मोजा. भिंत १ मिमीनं चुकली की आतला व्यास २ मिमीनं चुकतो, म्हणजे तुमच्या लाइनला फ्लोमध्ये साधारण १.३ टक्के फरक. तो १.०४ कुणीतरी असलंच काहीतरी झाकायला टाकला असणार, हा आपला अंदाज.

सगळं भरून झालं की डायग्नोस्टिकमध्ये साउंड व्हेलॉसिटी बघा. स्वच्छ पाण्याला २० अंशाला साधारण १४८२ मीटर प्रति सेकंद, ३० ला १५०९. त्याच्या आसपास नसेल तर व्यास, जाडी किंवा अंतर यातलं काहीतरी चुकलंय.

प्रतिसाद २

स्काडाचं दुखणं वर्ड ऑर्डरचं वाटतंय. फ्लोट (दशांश आकडा) दोन रजिस्टरमध्ये (मीटरच्या मेमरीतल्या कप्प्यांत) येतो, नव्या मॉडेलमध्ये त्यांचा क्रम उलटा असू शकतो. फॅक्टर १ केलात की त्याचंच रजिस्टर कच्चं वाचा; फ्लोटमध्ये १ म्हणजे हेक्समध्ये ३एफ८० ००००. ३एफ८० आधी आणि ०००० नंतर आलं तर क्रम सरळ; उलट आलं तर स्काडात वर्ड स्वॅप करा. दोन्ही नसेल तर पत्ता एकानं सरकलाय, काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात.

धागाकर्ता

०००० आधी आलं! स्वॅप केल्यावर स्काडा आणि डिस्प्ले जुळले. साउंड व्हेलॉसिटी १५०४ दाखवतोय, पाणी २८ अंश. गेज उद्या स्टोअरमधून मिळेल. एकच राहिलं: जुन्याचा टोटलायझर (आजवर गेलेल्या एकूण पाण्याचा आकडा) नव्यात प्रीसेट करायचा, की शून्यापासून चालू करून जुनं रीडिंग लॉगबुकात सही घेऊन बंद करायचं? तुमच्याकडं ऑडिटवाले काय मागतात?