मराठीत दोन्हीकडे 'असतं', मग इंग्लिशमध्ये दोन्हीकडे 'वुड' का नाही?

सईची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगी बारावीला आहे, मराठी मीडियमची, जर-तरची वाक्यं आली की गाडी अडतेच. काल तिने लिहिलं 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम', क्लासच्या सरांनी पहिलं वुड हॅव खोडून वर लाल पेनाने हॅड लिहिलं पण का ते सांगितलं नाही. ती मला विचारते, आई आपण 'कळलं असतं तर आले असते' म्हणतो ना, दोन्हीकडे असतं, मग इथे का चालत नाही? मला उत्तर देता येईना.

खडू_फळा:
ताई, मुलीने अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. मराठीत 'असतं' दोन्ही बाजूंना बसतं, इंग्लिशमध्ये कामाची वाटणी आहे. इफच्या भागात काळ एक पायरी मागे न्यायचा, वुड फक्त 'तर'च्या भागात. म्हणून 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम'. मी शिकवणीत वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावतो, डावीकडे जर, उजवीकडे तर, आणि विल किंवा वुड रेघ ओलांडून डावीकडे आलं की खोडायचं. इफ वाक्याच्या मधे आला तरी तो भाग डावीकडेच लिहायचा बरं का.

पावशेर_चहा:
अजून एक गंमत तिला दाखवा. 'उद्या पाऊस आला तर मॅच होणार नाही', गोष्ट उद्याची आणि रूप 'आला', म्हणजे काळाची अदलाबदल आपणही करतोच की. फक्त इंग्लिशमध्ये तिथे साधा वर्तमानकाळ, 'इफ इट रेन्स टुमॉरो'. 'आला' बघून मुलं 'रेन्ड' लिहितात आणि मग अर्थ होतो की पाऊस यायची शक्यता कमीच आहे.

मुक्काम_न्यूजर्सी:
इथे बोलताना 'इफ आय वुड हॅव नोन' सर्रास ऐकू येतं, त्यामुळे सिरीजमधे ऐकलं तर तिने गोंधळू नये, पेपरात मात्र हॅडच. आणि 'इफ यू विल वेट हिअर' हे बरोबर आहे, तिथे विल म्हणजे भविष्यकाळ नाही, थांबाल का अशी विनंती आहे.

सईची_आई:
खूप आभार सगळ्यांचे, रेघ मारून पाच वाक्यं केली, चार बरोबर आली. चुकलेलं हे, 'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल'.

खडू_फळा:
अनलेसच्या पोटातच 'नाही' आहे ताई, आपल्या 'शिवाय'सारखं. 'अभ्यास न केल्याशिवाय' म्हणतो का आपण? डोन्ट काढा, 'अनलेस यू स्टडी'.