विषय: आज किती फूट? (आणि भडंगाचं काय?)

प्रेषक: मंडळाची खजिनदार, सध्या मुक्काम गावभाग, सांगली

मंडळी, नमस्कार.

बातम्या बघून इतक्या जणांचे निरोप आले की सगळ्यांना एकदमच लिहिते. आम्ही सुखरूप आहोत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी आज दुपारी ३६ फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका, म्हणजे अजून दम आहे.

इथं सकाळी कुणी 'चहा झाला का' विचारत नाही, 'किती फूट?' विचारतात. दूधवाला पिशवीबरोबर आकडा देऊन जातो. शेजारच्या काकू वीजबिल मुलाकडून वाचून घेतात, पण पाण्याचा विषय निघाला की क्युसेकमध्ये बोलतात. "कोयनेतनं सोडल्यालं ऱ्हाऊ दे, वारणेला किती हाय ते सांग." बरोबरच आहे त्यांचं. हरिपूरच्या संगमावर वारणा फुगली की कृष्णेचं पाणी हटता हटत नाही.

आमच्या जिन्याच्या भिंतीवर आईनं पेन्सिलनं दोन रेघा मारल्यात. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. मध्ये जवळजवळ चार फुटांचं अंतर. दोनदा रंग दिला, पण रेघांपुरती भिंत तिनं रंगाऱ्याला शिवू दिली नाही. २०१९ ला पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर फ्रिज वरच्या मजल्यावरच असतो, खाली आणायचं नावच नाही.

काल काकूंचं सामानही आमच्याकडे वर आलं. गव्हाची कोठी, शिलाई मशीन, शेवटी देव. दोन घरांचे देव सध्या एका पाटावर आहेत.

*

प्रेषक: सचिव

ताई, सांभाळून. घाई नाही, पण गणपतीच्या यादीत भडंग दहा किलो तुमच्या नावावर आहे. विचारायला लाज वाटते. विचारतोय.

*

प्रेषक: एक हरिपूरकर

सचिवसाहेब, धन्य आहात.

ताई, वारणेचं वाचून घर आठवलं. आमची हळदीची पेवं २००५ च्या पुरात गेली. जमिनीत खोल खणलेलं पेव, तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही. पाणी उतरल्यावर उघडलं तेव्हा जो वास आला, तो अजून नाकात आहे. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते बांधावर जाऊन बसले. तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा. वारणेचं विचारणारं माणूस भेटलं की बरं वाटतं.

*

प्रेषक: खजिनदार

आज ३३. कालपासून उतरायलंय. घाटाच्या वरच्या पायऱ्या दिसायला लागल्या, त्यावर बोटभर गाळ.

भडंग घेतलं, पण दहा नाही, चार किलो. आकारमान बघा, बॅगेत दुसरं काय ठेवू? चिरमुरे मोकळे आणि लसूण-मसाला वेगळा बांधून घेतलाय, तिकडे आदल्या दिवशी परतू. शेंगदाणे तुम्ही बघा. चोर गणपती, म्हणजे इथल्या मंदिरात चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसतो तो, बसायच्या आत निघते. इथं राहून ते बघायला न मिळणं आईला पटलेलं नाही.

काकूंचं सामान आज खाली गेलं. मशीन गेलं, कोठी गेली. बाळकृष्ण मात्र दोन्ही सारखेच निघाले, पितळी, रांगते, उजवा हात वर. काकू म्हणतात त्यांचा जरा झिजलेला आहे. आई म्हणते झिजलेला आमचा. तूर्तास दोघेही आमच्या पाटावर आहेत आणि काकू सकाळी पूजेला वर येतात.